नवी फार्मसी, घरपोच औषधे आणि आपली चिठ्ठी: अनुभव लिहावेत

यंदा चवथीच्या थोडे आधी डिचोली बाजारातली आमची नेहमीची फार्मसी मालकांनी वयोमानपरत्वे बंद केली. आईची औषधे १९ वर्षे तेथून येत होती आणि इतक्या वर्षांत आम्हाला गोळ्यांची नावे सांगावी लागली नव्हती. ‘आईंचे औषध’ एवढे म्हटले की पिशवी तयार असे. घरपोच सेवा देणाऱ्या म्हापशाच्या एका फार्मसीकडे वळलो तेव्हा त्यांनी साहजिकच व्हॉट्सअ‍ॅपवर चिठ्ठीचा फोटो मागितला. चिठ्ठी चार घड्या घालून आईच्या पाकिटात ठेवलेली होती आणि एक घडी नेमकी थायरॉइडच्या गोळीच्या आकड्यावरून गेली होती. तो आकडा २५ आहे की ७५, हे भिंगातूनही कळेना. रिकामी बाटली शोधावी तर आईने गोळ्या स्टीलच्या डबीत ओतून बाटली केव्हाच टाकून दिली होती. फार्मासिस्ट बाईंनी फोनवर स्पष्ट सांगितले, “मावशींचा डोस मी अंदाजाने देणार नाही, डॉक्टरांना विचारून घ्या.” त्या दिवशी औषध आले नाही, तरीही मला त्या बाईंविषयी आदरच वाटला.

आपल्याकडे एका दुकानाने दुसऱ्या दुकानाकडे चिठ्ठी वर्ग करण्याची सर्वसाधारण पद्धत नाही. चिठ्ठी रुग्णाची असते आणि ती नव्या ठिकाणी दाखवायची असते. मात्र १९४५ च्या औषध नियमांनुसार, ती पुन्हा वापरता येईल असे डॉक्टरांनी लिहिले नसेल तर तिच्यावर एकदाच औषध देता येते. आमच्या जुन्या चिठ्ठीवर तसे काहीच लिहिलेले नव्हते. नव्या चिठ्ठीवर डॉक्टरांकडून ‘तीन महिने, दरमहा’ असे लिहून घेतले. एका विशिष्ट कंपनीच्या लोहाच्या गोळीने आईचे पोट बिघडते, ही जुन्या मालकांना तोंडपाठ असलेली गोष्टही मी वेगळ्या कागदावर लिहून नव्या फार्मसीला दिली. ज्यांनी असा बदल केला आहे, त्यांनी आपले अनुभव कृपया सविस्तर लिहावेत.

चोडण:
माझ्या यजमानांना इन्सुलिन लागते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावे लागते, पण ते गोठले तर निकामी होते, ही दुसरी बाजू आम्हाला ठाऊक नव्हती. पहिल्या खेपेला पेन बर्फाच्या पाकिटाला थेट चिकटून आले आणि आमच्या चोडण बेटावर यायला रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीची रांग असल्याने तो डबा बराच वेळ तसाच राहिला. फार्मसीने काहीही वाद न घालता पेन बदलून दिले. आता पेन आधी कागदात गुंडाळतात, मग डब्यात ठेवतात; आणि पोचवणारा मुलगा निघताना फोन करतो, तेव्हा मी स्वतः फेरीने पलीकडे जाऊन धक्क्यावरच डबा घेते.

मडगाव:
पत्नीची सगळी औषधे घरी आली, फक्त अल्प्राझोलामची (चिंता-अस्वस्थतेवरची) गोळी आली नाही. मी रागाने फोन केला. ती गोळी औषध नियमांच्या अनुसूची ‘एच-१’ मध्ये, म्हणजे अधिक कडक नियम असलेल्या औषधांच्या यादीत येते. मार्च २०१४ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे अशा औषधांसाठी डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेली संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहून ती ३ वर्षे जपावी लागते, म्हणून मूळ चिठ्ठी पाहिल्याशिवाय ती देत नाहीत, असे मला समजावून सांगण्यात आले. त्याआधी एका दुकानाने हीच गोळी काहीही न विचारता पाठवली होती आणि तेव्हा मला ती सोय वाटली होती. आज तसे वाटत नाही.

फोंडा:
आमचा बदल नाइलाजाने झाला. टाळेबंदीत, २६ मार्च २०२० च्या केंद्राच्या अधिसूचनेने घरपोच औषधांना परवानगी मिळाली, पण दुकान आणि रुग्ण एकाच महसुली जिल्ह्यातले असण्याची अट होती. आमची फार्मसी पणजीत, म्हणजे उत्तर गोव्यात. फोंडा तालुका २०१५ पासून दक्षिणेत. गावातल्याच दुकानाकडे वळावे लागले आणि आजही तेथेच आहोत.

वाळपई:
नव्या दुकानाने बाबांची रक्तदाबाची गोळी दुसऱ्या कंपनीची पाठवली, पण तसे कळवले नाही. जुन्या पाकिटात गोळ्या शिल्लक होत्या. नाव वेगळे, रंग वेगळा, त्यामुळे बाबांना ते नवे औषध वाटले आणि चार दिवस त्यांनी दोन्ही घेतल्या. पाचव्या दिवशी सकाळी ते न्हाणीच्या दारात भिंतीला धरून उभे होते, डोळ्यांपुढे अंधारी आली होती. दोन्ही पाकिटे उलटी करून वाचली तेव्हा बारीक अक्षरांत एकच औषध निघाले, अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. चिठ्ठीवरच्या अनुसूची ‘एच’ मधील (म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या) औषधाऐवजी दुसरे परस्पर देऊ नये असा नियम आहे, हे मला नंतर कळले. आता पिशवी आली की पोचवणाऱ्या मुलाला दोन मिनिटे थांबवून मी प्रत्येक पाकीट चिठ्ठीशी ताडून पाहतो, आणि जुने पाकीट संपेपर्यंत नवे बाबांच्या हाती देत नाही. प्रत्येक पाकिटावर मी मार्करने मोठ्या अक्षरांत ‘रक्तदाब, सकाळी एक’ असे लिहितो आणि बाबा ते मोठ्याने वाचून मगच गोळी घेतात.