मदत हवी आहे: गाडी तापते, शनिवारी निघायचंय, लवकर सांगा

फोंडा_लोकल
नमस्कार मंडळी, शनिवारी पहाटे फॅमिली घेऊन निघायचंय, मेहुण्याचं लग्न आहे त्यामुळे तारीख हलणार नाही. परवा चोर्ल्याचा घाट चढताना काटा एकदम वर गेला, बाजूला घेतली, गार झाल्यावर पाणी घातलं आणि मग काहीच नाही, घरापर्यंत मस्त आली. मेकॅनिक म्हणतो उन्हाळ्यात होतं असं, कूलंट टॉपअप कर आणि बिनधास्त जा. जाऊ का? एसी लागणारच, मुलं लहान आहेत. प्लीज ज्यांना माहीत आहे त्यांनीच लिहा.

घाटवाट
कुठली गाडी? पेट्रोल की डिझेल? किती पळालीय? आणि जायचंय कुठे, सावंतवाडीला की काश्मीरला?

फोंडा_लोकल
नागपूर. पेट्रोल हॅचबॅक, २०१४ची, १ लाख १२ हजार झालेत. कंपनी लिहीत नाही, इथे लगेच त्यावरून जुंपते.

म्हापशेकार
मे महिन्यात नागपूर? विमानाने जा रे बाबा.

टायरवेडा
आधी चारही टायरात नायट्रोजन भर. उन्हात साधी हवा फुगते आणि टायर फुटतो.

घाटवाट
तो इंजिनाचं विचारतोय. आणि साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, उगाच पैसे घालवायला लावू नकोस त्याला.

टायरवेडा
नायट्रोजनमध्ये ओल नसते म्हणून प्रेशर कमी हलतं, जरा वाचत जा. तो नसेल तर निदान हवा दोन-तीन पॉइंट कमी ठेव.

घाटवाट
अजिबात ठेवू नकोस!! हवा कमी असली की टायरची बाजू जास्त दबते आणि टायर उलट जास्त तापतो, फुटतो तो त्यानेच. ड्रायव्हरच्या दारावर स्टिकर असतं त्याप्रमाणे भर, सामान आणि पाच माणसं असतील तर फुल लोडचा आकडा बघ, आणि सकाळी टायर गार असताना भर.

मडगाव_गॅरेज
टायरवाल्यांनी जरा थांबा. फोंडेकर, घाटात एसी चालू होता का? आणि पाणी घातलं ते कुठलं?

फोंडा_लोकल
एसी चालू होता, अर्थातच. पाणी शेजारच्या घरातून मागून घेतलं, विहिरीचं असेल.

जुनी_फियाट
विहिरीच्या पाण्याला काय झालं? आमच्या बाबांनी जन्मभर तेच घातलं, कूलंट हे सगळं आताचं फॅड.

मडगाव_गॅरेज
फॅड नाही हो. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर असलं की उकळायचा बिंदू वर जातो, कूलंटमध्ये गंज रोखणारं औषधही असतं. विहिरीच्या पाण्यातले क्षार आत बसतात आणि आजची ॲल्युमिनियमची रेडिएटर पातळ असतात.
आता मुद्दा. घाटात स्पीड नाही, वारा लागत नाही, तिथे सगळी भिस्त पंख्यावर. खाली उतरून पळायला लागलास की वाऱ्यानेच गार होते, म्हणून घरी मस्त आली. आता जाऊन एवढंच कर, गाडी उभी ठेवून एसी लाव आणि बॉनेट उघडून रेडिएटरचा पंखा फिरतो का बघ, हात आत घालू नको. दुसरं, गार इंजिनावर ऑइलचं झाकण उघड, आत दुधाच्या कॉफीसारखा फेस असला तर हेड गॅस्केट (इंजिनातलं सील) गेलंय, मग नागपूर विसर. कूलंट सांडल्याशिवायच कमी होत असेल तर तेही सांग. रेडिएटर कॅपचं रबर चिरलं असेल तर कॅप बदल, प्रेशर धरत नाही. आणि तापलेली कॅप उघडायची नाही, कधीच.

बुलेटकार
माझी बाईक पण तापते, काय करू?

फोंडा_लोकल
आत्ताच बघून आलो. फेस नाही. पंखा फिरत नाही!! दहा मिनिटं एसी लावून उभा होतो. म्हणजे मेकॅनिकने बघितलंच नाही??

मडगाव_गॅरेज
फ्यूज, मग रिले, मग मोटर, या क्रमाने बघायला सांग. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे ने. झालं की कूलंट पूर्ण फ्लश, आणि शुक्रवारच्या आत परत चोर्ल्याला एसी लावून चढवून बघ, नागपूरच्या वाटेवर टेस्ट नको.

मुक्काम_वर्धा
सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ असेच येणार ना? दुपारी बारा ते चार चालवूच नका भाऊ, इकडे ४५ होऊन राहिलं. नांदेडला मुक्काम करा आणि पहाटे निघा.

म्हापशेकार
त्यापेक्षा पुण्यावरून समृद्धी धर. आणि टाकी फोंड्यातच फुल कर, पुढे पेट्रोल महाग. सासरच्यांना फेणी नेतोयस ना? 😄

मुक्काम_वर्धा
फेणी घेऊन आमच्याकडून नका येऊ, वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे.

घाटवाट
समृद्धीसाठी एवढा वळसा कशाला? आणि ते सरळ सिमेंट, तासन्‌तास एकाच वेगात टायर तापतात. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, ती काय आहे?

फोंडा_लोकल
फेणी नाही, मानकुराद आंबे नेतोय. पंख्याची मोटरच जळली होती, उद्या दुपारी नवीन बसेल म्हणतोय. टायरवर १११७ आहे, पण नक्षी चांगली आहे अजून.

टायरवेडा
२०१७चा अकरावा आठवडा! रबर म्हातारं झालंय, नक्षी बघून काय उपयोग. चारही बदल.

घाटवाट
यावेळी टायरवेड्याशी सहमत, काय दिवस आलेत. स्टेपनीची तारीख पण बघ.

डिचोलीची_मावशी
आंबे डिकीत ठेवू नका, संध्याकाळपर्यंत उकडतात. खोक्यात गवत घालून मुलांच्या पायाशी ठेवा, एसीत राहतील.