अनुभव धागा : तुम्ही जपानी का शिकलात?

परवा भाचीने विचारलं, मावशी जपानी शिकू की जर्मन, आणि मी तासभर बोलत बसले. मग वाटलं तुमचेही अनुभव एका ठिकाणी आले तर बऱ्याच जणांना उपयोग होईल. पगार, व्हिसा, अॅनिमे, कुठलंही कारण चालेल, फक्त खरं असू दे.

माझ्यापासून सुरुवात करते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला नाव घातलं ते नोकरीसाठीच, पण जीव जडला तो व्याकरणावर. क्रियापद शेवटी, प्रत्यय शब्दाच्या मागे, हे तर आपल्यासारखंच, पण एके दिवशी ‘ताबेते मिरु’ आलं, म्हणजे खाऊन बघणे, आणि मग ‘काइते ओकु’, लिहून ठेवणे, आणि घरातून निघताना ते म्हणतात ‘इत्ते किमास’, जाऊन येतो! माझी आजी कुणाला ‘जातो’ म्हणू द्यायची नाही, ‘येतो म्हण’ म्हणायची. त्या दिवशी वर्गात ती फार आठवली. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्यांना हे वेगळं पाठ करावं लागतं, आपल्याला नाही.

*

मी चाकणला, ऑटो पार्ट्स, क्वालिटी डिपार्टमेंट. काइझेन (सतत सुधारणा), गेम्बा (प्रत्यक्ष कामाची जागा), पोका-योके (चूक होऊच नये अशी सोय) हे शब्द आमच्या लाइनवरचा ऑपरेटर पण वापरतो, पण मीटिंगमधे सगळं दुभाष्याच्या भरवशावर. जपानी साहेब ‘केन्तो शिमास’ म्हणायचे, दुभाषी सांगायचा ‘विचार करतो म्हणतायत’, आम्ही खुशीत सॅम्पल बनवायला घ्यायचो आणि पंधरा दिवसांनी कळायचं की तो सभ्य भाषेतला नकार होता. एन३ (जपानीच्या जेएलपीटी परीक्षेची मधली पातळी; एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात अवघड) झाल्यावर मी तिथल्या तिथे विचारायला लागलो, नेमकं कुठे अडतंय, ड्रॉइंग उघडून बसू का. पगार वाढला, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते आता थेट माझ्याशी बोलतात.

*

नागपूर. कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर लहानपणापासून बघतेय, भन्ते सुरई ससाई जपानहून येऊन आमच्या इंदोऱ्याचे झाले, त्यामुळे जपान कधी परका वाटलाच नाही. शिकायला लागल्यावर कळलं की त्यांच्या अक्षरांचा क्रम, आ इ उ ए ओ मग का सा ता ना, हा संस्कृत शिकणाऱ्या बौद्ध भिक्खूंमुळे आला, म्हणजे आपलीच बाराखडी वेगळ्या वेशात. मी परीक्षेसाठी नाही शिकत, जपानशी जोडणाऱ्या या नात्यासाठी शिकते.

*

लातूरची आहे, नर्सिंगचं जीएनएम झालंय, सध्या आइची प्रांतात वृद्धाश्रमात केअरगिव्हर. २०१९ पासूनच्या टोकुतेइ गिनो, म्हणजे ठरावीक कौशल्याच्या कामगारांसाठीच्या, व्हिसावर येता येतं. त्याला एन४ किंवा जेएफटी-बेसिक ही प्राथमिक जपानीची परीक्षा, शिवाय काइगोची म्हणजे सेवेच्या कामाची परीक्षा आणि त्याच कामाच्या जपानीची वेगळी परीक्षा. पहिल्या एजंटने पैसे घेतले आणि या परीक्षांचं नावसुद्धा काढलं नाही, म्हणून मुलींनो आधी स्वतः नियम वाचा, मगच पैसे द्या. पुस्तकात ‘एराइ’ म्हणजे थोर, शाबास. इथल्या एक आजी रोज संध्याकाळी मला ‘एराइ, एराइ’ म्हणायच्या, मी नमस्कार करून आभार मानायचे. महिन्याने सहकारी म्हणाली, अगं, इकडच्या बोलीत एराइ म्हणजे खूप थकले, अंगात त्राण नाही. त्या रात्री झोप लागली नाही मला. आता मी प्रत्येकाची बोली वहीत लिहून ठेवते. भाषा आली नाही तर माणूस दुखतंय म्हणून सांगत असतो आणि आपण हसत उभे असतो.

*

निशी-कासाइ, तोक्यो. नवऱ्याच्या नोकरीमुळे आले, ऑफिसात इंग्रजी चालतं, पण लेकाच्या शाळेच्या चिठ्ठ्या कोण वाचणार? वर्ग पुसायला घरून शिवून आणायचं फडकं, ‘झोकिन’, हा शब्द वाचता आला नाही आणि पोरगं वर्गात एकटंच फडक्याशिवाय. दुसऱ्या दिवसापासून कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली अक्षरं, शिकायला बसले. रोजच्या वापरातल्या अधिकृत कांजी २१३६ आहेत. माझ्या ९०० झाल्यात.

*

ताई, माझं वय ६३, एवढ्यात रिटायर झालो. जुलैच्या एन५चा फॉर्म भरलाय. कारण काही विशेष नाही, पावसाला त्यांच्याकडेही ‘झाआझाआ’, ‘शितोशितो’ असे आपल्या धो धो, रिमझिमसारखे शब्द आहेत हे कळलं आणि राहवलं नाही. सिंहगड रोडच्या बाजूला कोणी असेल तर सकाळी पु. ल. देशपांडे उद्यानात, त्या ओकायामाच्या बागेवरून केलेल्या बागेत, चालता चालता बोलायचा सराव करू. मी साडेसहाला गेटपाशी असतो.