थॉम्पसनला रॅम्पची नोकरी घेऊ का?

तासगावचा_पाखरू
नमस्कार. कॅनडातल्या कॉलेजातून फ्लाइंग पूर्ण केलं. कमर्शियल लायसन्स, मल्टी-इंजिन, इन्स्ट्रुमेंट रेटिंग झालं, लॉगबुकात २३५ तास आहेत. चार महिने अर्ज करतोय. एकाच ठिकाणाहून होकार आलाय, उत्तर मॅनिटोबातल्या थॉम्पसनहून. पण काम रॅम्पचं आहे: सामान चढवा, बर्फ झाडा, विमानं पुसा. 'वर्षभरात फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) करू' असं तोंडी म्हणतात. बाबांनी द्राक्षबागेवर कर्ज काढलंय. त्यांना 'मी पेट्या उचलतो' हे कसं सांगू? की भारतात परत येऊन डीजीसीएचं (तिथल्या विमान नियामकाचं) लायसन्स बघू? उत्तरेत कुणी काम केलं असेल तर खरं सांगा.

खडीची_धावपट्टी
मी केलंय, आणि तेही थॉम्पसनलाच. अकरा महिने रॅम्प, मग दोन वर्षं किंग एअर या छोट्या दोन इंजिनांच्या विमानाची उजवी सीट, म्हणजे सहवैमानिकाची. आता विनिपेगहून उडवतो. लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतो.

विनिपेगपासून रस्त्याने साडेसातशे किलोमीटरवर, निकेलच्या खाणीचं गाव. थंडीत इंजिनं कशी चालतात हे तपासायला कंपन्या मुद्दाम तिथे येतात, यावरून काय ते ओळख. उणे ३५ ला पहाटे चारला इंजिनावर गोधडीसारखं आवरण घालून खालून हीटरची नळी सोडायची आणि उभं राहायचं. बोटं बधिर होतात. रडू आलंय मला एकदा, खरंच.

पण एक पहाट सांगतो. पंखावरचं बर्फ झाडूनं काढून मी कॅप्टनना 'झालं' म्हणालो. त्यांनी शिडी लावली, हातमोजा काढला आणि पंखावर उघडा तळहात फिरवला. मग माझा हात धरून तिथेच ठेवला. पॉलिशपेपरसारखा खरखरीत थर होता, दिव्याच्या उजेडात मला दिसलाच नव्हता. ओरडले नाहीत. फक्त ड्रायडनचं विचारलं, माहीत आहे का म्हणून. १० मार्च १९८९, ऑन्टारियोतलं ड्रायडन. पंखांवर बर्फ असताना निघालेलं फोकर एफ-२८ धावपट्टीपुढच्या झाडीत पडलं, ६९ पैकी २४ माणसं गेली. परीक्षेला मी ते पाठ केलं होतं. त्या दिवशी ते हाताला लागलं. मग गरम डी-आयसिंग (बर्फ वितळवणारं द्रव) फवारलं, अर्धा तास उशीर झाला, कुणी काही बोललं नाही.

सामानाचंही तसंच. टाडूल लेक, शमाटावा अशा गावांना बारमाही रस्ता नाही. तळी गोठली की काही आठवडे बर्फावरून ट्रक जातात, एरवी दूध, डायपर, औषधं, स्नोमोबाइलचे सुटे भाग, सगळं विमानानेच जातं. एक पेटी मागे सरकली की गुरुत्वमध्य किती हलतो ते माझ्या पाठीला कळलंय. सीटवर बसल्यावर लोडशीट (कुठे किती वजन ठेवलंय त्याचा तक्ता) नुसता कागद वाटत नाही.

आणि रात्रीचं उतरणं. टॉवर नाही, खाली नुसतं काळं जंगल. रेडिओचं बटण पाच सेकंदांत सात वेळा दाबलं की धावपट्टीचे दिवे लागतात. पहिल्यांदा मी दाबलं तेव्हा मागे स्ट्रेचरवर तिथल्या क्री या मूळनिवासी समाजातल्या एक आजी होत्या. दिव्यांच्या दोन ओळी एकदम उजळल्या. आजोळी आजोबा अंगणात कंदील घेऊन उभे राहायचे, तसं वाटलं.

आता काळजीचं. मला सहा महिने सांगून अकरा लावले. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण चूक माझीही होती, काहीच लेखी घेतलं नव्हतं. तू विचार: गेल्या वर्षीच्या रॅम्पवाल्यांतले किती जण सीटवर गेले? त्यांचे नंबर माग, बोल त्यांच्याशी. ट्रेनिंगचा बाँड (मुदतीआधी सोडलं तर भरायचे पैसे) किती रकमेचा, किती महिन्यांचा, दरमहा कमी होतो का? आणि सगळ्यात आधी तुझं वर्क परमिट बघ. एक वर्ष रॅम्पवर गेलं तर उडवायला किती उरतं? एटीपीएलला, म्हणजे एअरलाइनच्या कॅप्टनच्या लायसन्सला, १५०० तास लागतात. दीड वर्षाच्या आत संपत असेल तर मी जाऊ नको म्हणेन.

मीरज_जंक्शन
भारताचं थोडक्यात: एअर रेग्युलेशन्स, नेव्हिगेशन-हवामानाचा पेपर, क्लास वन मेडिकल, आणि वर टाइप रेटिंगचा (एका ठरावीक विमानाच्या प्रशिक्षणाचा) खर्च बहुतेक वेळा स्वतःचा. कर्ज असताना हा आकडा आधी कागदावर मांडा, मग ठरवा.

तासगावचा_पाखरू
दादा, मनापासून आभार. परमिटची दोन वर्षं दोन महिने शिल्लक आहेत. कंपनीला मेल टाकला, सीटचं आणि बाँडचं लेखी मागितलंय. रॅम्पवरच्या एका मुलाशी बोललो, तो नवव्या महिन्यात सीटवर गेला.

काल बाबांना सांगितलं. थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जड पेट्या कुठं लावता?" मी म्हटलं, पुढं. "आणि घट्ट बांधता न्हवं? गाडी भरताना तुला किती बोललोय त्यापायी."