हात सुधारायचा असताना पाय आणि धडाच्या व्यायामावर इतका भर का?

प्रश्न

माझ्या आईला चार महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि तिची उजवी बाजू कमजोर झाली. आता ती आधाराने उभी राहते, बोलणेही स्पष्ट झाले आहे. मात्र उजवा हात खांद्याच्या वर जात नाही आणि समोरचा पेला धरायला गेल्यास हात अर्ध्या वाटेतच थांबतो. असे असताना फिजिओथेरपिस्ट निम्म्याहून अधिक वेळ खुर्चीतून उठणे-बसणे आणि पाठ न टेकता बसून शरीराचा भार एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर नेणे यांसाठी देतात. पायांची ताकद आणि धडाची स्थिरता यांचा हाताच्या कामाशी खरोखरच इतका संबंध असतो का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझे बहुतेक रुग्ण पक्षाघाताचेच असतात. आपली शंका रास्त आहे, कारण घरच्यांना हात दिसतो, पण हात हलण्याआधी शरीरात काय घडते ते दिसत नाही.

उभ्या माणसाने हात झटकन पुढे उचलला, तर खांद्यावरच्या डेल्टॉइड स्नायूच्या आधी मांडीच्या मागचे स्नायू कामाला लागतात, हे सोव्हिएत संशोधकांनी १९६७ मध्येच नोंदवले होते. हात पुढे गेला की शरीराचा तोल पुढे झुकणार, हे मेंदूला ठाऊक असते आणि म्हणून तो पाय व धड आधीच सावरून घेतो. पुढे १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील हॉजेस आणि रिचर्डसन यांनी दाखवले की पोटाच्या सर्वांत आतल्या थरातला स्नायूही हात उचलण्यापूर्वीच आवळला जातो. पक्षाघातानंतर ही पूर्वतयारी उशिरा होते किंवा अपुरी पडते, त्यामुळे हातात थोडी ताकद परतली असली तरी तोल जाईल या धास्तीने शरीर तिचा वापर होऊ देत नाही.

दुसरे कारण खांद्याच्या पात्याचे आहे. हे पाते बरगड्यांवर स्नायूंच्या आधाराने सरकते आणि धडाच्या सांगाड्याशी त्याला हाडांनी जोडणारा दुवा एकच, तो म्हणजे गळ्याजवळचे हाड. आपण स्वतः पोक काढून बसा आणि हात वर न्या. मग पाठ सरळ करून तीच हालचाल करा. पहिल्या वेळी हात लवकर अडल्याचे आपल्यालाच जाणवेल. आईंचे धड कमजोर बाजूला कलत असेल, तर त्यांचा खांदा दिवसभर या पहिल्या अवस्थेतच काम करत असतो.

आता पायांविषयी. बसलेल्या माणसाला हाताच्या टप्प्यापलीकडची वस्तू घ्यायची असेल, तर तो तळपायांनी जमीन दाबतो आणि त्या आधारावर धड पुढे नेतो. आईंना पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून बसवले आणि नंतर दोन्ही तळवे जमिनीवर टेकवून बसवले, तर फरक दिसण्याची शक्यता आहे. मात्र जवळ कोणीतरी बसल्याशिवाय हे करू नये.

प्रतिसाद २

मी टेनिस शिकवतो. सर्व्हिसच्या फटक्यातील निम्म्याच्या आसपास ऊर्जा पाय, कंबर आणि धडातून येते, असा आमच्या क्षेत्रात सर्वमान्य असलेला अंदाज आहे. खालून येणारी ही ऊर्जा २० टक्क्यांनी घटली, तर चेंडूला तोच वेग देण्यासाठी खांद्याला सुमारे ३४ टक्के अधिक वेगाने फिरावे लागते, असे गणितही मांडले गेले आहे. गुडघे न वाकवता सर्व्हिस करणाऱ्या खेळाडूचा खांदा दुखू लागला, की मी प्रथम त्याच्या पायांकडे पाहतो.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत असूनही एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. धड स्थिर झाले म्हणून बोटे आपोआप उघडू लागत नाहीत. त्यासाठी पकडणे, सोडणे, चिमटीत धरणे या हालचालींचा भरपूर सराव स्वतंत्रपणे करावाच लागतो. शिवाय अनेक रुग्ण कोपर सरळ करण्याऐवजी सगळे धडच पुढे वाकवून वस्तू गाठतात आणि ती सवय पक्की होते. म्हणून वस्तू हाताच्या टप्प्यात असेल तेव्हा पाठ खुर्चीला टेकवून कोपर उघडू द्यावे, आणि टप्प्यापलीकडे असेल तेव्हाच धड व पायांना सामील करून घ्यावे. आईंच्या सत्रात हाताला नेमके काय काम दिले जाते, हे अवश्य विचारा.

प्रतिसाद १ (पुन्हा)

ही पुरवणी अगदी योग्य आहे. मी स्वतः उठण्या-बसण्याच्या सरावातच हाताचे काम जोडते. उदाहरणार्थ, उभे राहताना दोन्ही हातांनी टॉवेल धरून समोरच्या टेबलावर ठेवणे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी भावाला शेजारी बसवून आम्ही पेल्याचा प्रयोग केला. पाय लोंबकळत असताना आईची बोटे पेल्यापासून साधारण वीतभर अलीकडे थांबली आणि डाव्या हाताने तिने गादी घट्ट पकडून ठेवली होती. पायांखाली पाट ठेवून तळवे नीट टेकवल्यावर तिने गादी सोडली आणि उजव्या हाताची बोटे पेल्याला लागली. पेला अजून उचलता आला नाही. पकडण्याच्या सरावाविषयी उद्याच्या सत्रात विचारणार आहे.