पेशी एकाच ठिकाणी, तंतू मेंदूभर
मेंदूत जागोजागी हिस्टामिन हे संदेशवाहक रसायन सापडतं, म्हणून ते बनवणारे न्यूरॉनही (चेतापेशी) सगळीकडे असणार, असं म्हटलं जातं. इथेच गल्लत होते. प्रौढ सस्तन प्राण्यांत या न्यूरॉनच्या मूळ पेशी (तंतू सोडून उरलेला भाग) मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात, ट्युबरोमॅमिलरी केंद्रक नावाच्या न्यूरॉनच्या पुंजक्यातच असतात. उंदीर घ्या नाहीतर माणूस, पत्ता तोच. संख्याही किरकोळ: माणसात साधारण ६४ हजार, तेही ८,६०० कोटींच्या आसपास न्यूरॉन असलेल्या मेंदूत! पसरलेले असतात ते त्यांचे तंतू, कॉर्टेक्सपासून (मेंदूचा बाहेरचा थर) पार मज्जारज्जूपर्यंत.

हे स्पष्ट झालं १९८४ साली. हिस्टामिन आणि ते तयार करणारं हिस्टिडिन डीकार्बॉक्सिलेज हे विकर, दोन्हींविरुद्धची प्रतिपिंडं वापरून पेशी थेट दाखवता आल्या. नुसतं रसायन मोजून भागत नव्हतं, कारण मेंदूतल्या मास्ट पेशींतही (या न्यूरॉन नव्हेत, रोगप्रतिकारक पेशी) हिस्टामिन असतंच.

हे न्यूरॉन जागेपणी सक्रिय, झोपेत जवळपास गप्प. ॲलर्जीच्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते ती त्यामुळेच. त्या मेंदूत शिरून एच-१ ग्राही, म्हणजे हिस्टामिनचा संदेश घेणारे रेणू, अडवतात. नव्या गोळ्यांपैकी सेटिरिझिनलाही या बाबतीत अगदी निर्दोष म्हणवत नाही, फेक्सोफेनाडिन बरंच बरं.