जुनी डिझेल घेतोय: १.४ की १.६? (आठवड्यातून तीन दिवस भांडुप–ऐरोली, वर्षातून तीनदा कणकवली)

भांडुपचा_चढ

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय.

जुनी क्रेटा डिझेल घ्यायची ठरवलीय, २०१५ ते २०२० मधली, पहिल्या पिढीची. बजेट सात लाखांच्या आत. फिरून फिरून दोन गाड्या बाजूला काढल्यात आणि नेमकी दोघींची इंजिनं वेगळी निघाली, एक १.४ लिटर, एक १.६ लिटर.

एक १.४, २०१७ची, ६२ हजार किमी, पहिलाच मालक, अंधेरीचा, एमएच ०२. पावणेसात मागतोय.
दुसरी १.६, २०१६ची, १ लाख ८ हजार किमी, दुसरा मालक, नाशिक, एमएच १५. सहा चाळीस म्हणतोय, थोडा खाली येईल असं वाटतं.

वापर सांगतो. भांडुप पश्चिमेला टेकडीच्या अंगाला राहतो, बिल्डिंगच्या गेटपर्यंत चांगलाच चढ आहे. ऑफिस ऐरोलीला, आठवड्यातून तीन दिवस. गाव कणकवलीच्या पुढे. गणपती, शिमगा आणि मे महिना चुकत नाही. सगळं धरून वर्षाला सात हजार किमी होतील. जाताना पाच माणसं, येताना पाच माणसं आणि आईने बांधून दिलेलं सगळं. गेल्या मे महिन्यात भाड्याच्या गाडीत डिकी भरली म्हणून ड्रायव्हरने एक फणस पुढे पायाशी ठेवायला लावला. कणकवली ते पनवेल बाबांचे पाय फणसावर. घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, आता आपली गाडी.

ऑफिसातले सगळे म्हणतात मुंबईत १.४ पुरे, १.६ हायवेवाल्यांसाठी. १.४ ला ९० पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरच), १.६ ला १२८. मला कुणाशी शर्यत लावायची नाही. मग १.४ वरच शिक्का मारू ना?

सीएनजीच_बरी

सात हजार किमीला डिझेल? हिशोबात बसत नाही. पेट्रोल किंवा सीएनजी घ्या आणि सुखी व्हा.

भांडुपचा_चढ

हिशोब पटतो, बाबा पटणार नाहीत. त्यांच्या मते पेट्रोल गाडी म्हणजे शिलाई मशीन. आणि डिकीत सिलिंडर आला की फणस परत पायाशी.

एक्सप्रेसवे_हौशी

ऑफिसवाले बरोबर सांगतायत. १.६ ची मजा लोणावळ्याच्या पुढे. एलबीएस रोडवर १२८ पीएस घेऊन काय करणार, रिक्षामागे उभेच राहणार ना? माझं मत विचाराल तर अजून थोडे पैसे टाका आणि २०२० नंतरची बीएस ६ घ्या, म्हणजे धुराच्या नव्या नियमातली, १.५ इंजिनाची. हा १.४-१.६ चा घोळच मिटला.

तात्या_मुलुंड

भांडुपकर, या ऑफिसवाल्यांचं ऐकू नका. सगळं उलटं आहे. १.६ घ्यायची असते ती ट्रॅफिकसाठी. हायवेला १.४ सुद्धा पुरते.

डिझेलचा जोर येतो टर्बोमुळे, आणि टर्बो फिरतो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतावर. इंजिन हजार-बाराशे आरपीएमला असतं तेव्हा झोतात दमच नसतो, टर्बो झोपलेला असतो. अशा वेळी गाडी ओढायला तुमच्याकडे काय असतं? फक्त सीसी, म्हणजे इंजिनाचं आकारमान. १३९६ किंवा १५८२. फरक १८६ सीसीचा, साधारण तेरा टक्के. ऐकायला किरकोळ वाटतो. पण एसीचा कॉम्प्रेसर आपला वाटा आधीच काढून घेतो, आणि मे महिन्यात तो काही इंजिन लहान आहे म्हणून कमी घेत नाही. उरतं त्यात पाच माणसं ओढायची.

टर्बो एकदा जागा झाला की १.४ सुद्धा झकास पळते. तिचा टॉर्क, म्हणजे ओढ, २२० न्यूटन मीटर, १.६ चा २६०. एक्स्प्रेसवेला तुम्ही कायम जाग्या टर्बोवर असता, आणि तिथे मर्यादाच १०० ची आहे. गावच्या रस्त्याला घाटाची भीती होती, तर कशेडीला आता बोगदा झालाय. म्हणजे ज्या कारणासाठी लोक मोठं इंजिन घ्या म्हणतात, त्या कारणासाठी तुम्हाला ते नकोच आहे. तुम्हाला ते हवंय भांडुप स्टेशनच्या बाहेर. तिथे पहिला, दुसरा, क्लच, ब्रेक, परत पहिला. पूर्ण वेळ टर्बोच्या झोपेत.

हे मला फुकट नाही कळलं. आधी माझ्याकडे १.३ डिझेल होती, १२४८ सीसी, ७५ पीएस. एकेकाळी फियाट, मारुती, टाटा सगळ्यांच्या बोनेटखाली हेच इंजिन असायचं. गुणी इंजिन, माझी तक्रार नाही. जुलैतला रविवार, घोडबंदरला गायमुखचा चढ, वरून पाऊस, पुढे कंटेनर. गाडीत आम्ही पाच, एसी चालू, कारण काचांवर वाफ धरत होती. कंटेनर दोन हात सरकायचा, मी क्लच सोडायचो, गाडी मान टाकायची. दोनदा बंद पडली. मागचा हॉर्नवरून हात काढेना. तिसऱ्या वेळेपासून मी रेस देऊन हाफ क्लचवरच गाडी धरायला लागलो. दहा मिनिटांत जळका वास. बायको म्हणाली, अहो, बाहेर कुणीतरी टायर जाळतंय. मी काच घट्ट लावून घेतली. वास आतच होता.

४१ हजारांत क्लच गेला. दोष माझ्या पायाचा, मान्य. पण टर्बो उठेपर्यंत थांबायला मुंबईत मागचा देतो का तुम्हाला? लहान डिझेल ट्रॅफिकमध्ये चालवणारा प्रत्येक जण थोडाफार हेच करतो, आणि बिल क्लचच्या नावावर फाटतं. गेली चार वर्षं व्हर्ना चालवतोय, हेच १५८२चं इंजिन. गायमुखला क्लच सोडला की स्वतःची स्वतः रांगायला लागते.

पीएसच्या आकड्यावर तर जाऊच नका. डस्टर आठवा. ८५ पीएसची आणि ११० ची, दोन्ही १४६१ सीसी. इंजिन तेच, टर्बो आणि ट्यूनिंग वेगळं. ११० चा खरा जोर दोन हजारांच्या वर, ८५ चा त्याआधी लागतो. म्हणून शहरात फिरणारे जाणते लोक मुद्दाम ८५ घ्यायचे.

आता खर्च, कारण कुणीतरी विचारणारच. थर्ड पार्टी विम्यात १५०० सीसीला रेघ आहे. जून २०२२च्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीला ३४१६ रुपये, १५०० च्या वर ७८९७. वर जीएसटी. म्हणजे १.६ ला वर्षाला सव्वापाच हजार जास्त. डिझेल म्हणाल तर माझी शहर-हायवे मिळून १३ देते, १.४ ला १४ धरा. सात हजार किमीला फरक ३८ लिटरचा, नव्वदच्या भावाने साडेतीन हजाराच्या आत. दोन्ही मिळून महिन्याला सातशे-सव्वासातशे. एकरकमी रोड टॅक्स पहिल्या मालकाने भरलेला असतो, त्यात तुमचं काही जात नाही.

हौशी, तुमच्या बीएस ६ बद्दल. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेलला काजळी अडवणारा डीपीएफ असतो. अडकलेली काजळी जाळायला गाडी अधूनमधून बराच वेळ सलग, बऱ्या वेगाने पळवावी लागते. भांडुप–ऐरोलीत ते कुठे जमणार? डॅशबोर्डवर दिवा लागला की हे सकाळी सहाला उठून ईस्टर्न एक्सप्रेसवर नुसतेच चकरा मारणार. यांना बीएस ४ च बरी.

एक्सप्रेसवे_हौशी

डीपीएफचं मान्य, ते डोक्यात नव्हतं. बाकी तात्या, क्लच तुम्ही जाळला आणि शिक्षा १.४ ला.

विक्रोळी_गॅरेज

तात्यांचं इंजिनाचं बरोबर आहे. पण राव, दोन जुन्या गाड्यांत निवडताना १.४-१.६ हा तिसरा-चौथा प्रश्न. आधी समोरची गाडी बघा.

६२ हजार विरुद्ध १ लाख ८ हजार बघून बिचकू नका. तास काढा. अंधेरीची गाडी मुंबईतच फिरलेली असेल तर ताशी २० चा वेग पकडा, ६२ हजाराचे ३१०० तास झाले. नाशिकची बहुतेक हायवेला असेल तर ताशी ५० पकडा, १ लाख ८ हजाराचे २१६० तास. मीटर कमी दाखवणारी गाडी जास्त राबलेली असू शकते. अर्थात मीटर खरं असेल तर. सर्व्हिस रेकॉर्ड काढून किलोमीटर जुळवा, आणि क्लच पेडलचं रबर बघा. ६२ हजाराच्या गाडीचं रबर गुळगुळीत असेल तर गोष्ट वेगळी आहे.

क्लच: मोकळा रस्ता बघून चौथ्यात ४० ला चालवा, मग अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम वर पळाला आणि गाडी तिथेच राहिली तर प्लेट गेली. नाशिकचीचा क्लच एकदा बदललेला असावा, बिल मागा.

इंजिन: चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करा, उलटं करून तोंडावर नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. उडायला लागलं, खालून फुसफुस धूर आला, तर हात जोडून निघा. टायमिंगला दोन्हींत चेन आहे, बेल्टचा खर्च नाही.

पाणी: मुंबईची गाडी म्हटलं की पावसात बुडाली होती का बघायला मी आधी सीटबेल्ट ओढतो. शेवटपर्यंत, पार अडकेपर्यंत. सीट धुतात, कार्पेट बदलतात, बेल्टचं टोक कोणी बघत नाही.

कागद: आरसीवर बँकेचं नाव असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं एनओसी आधी, पैसे नंतर. फॉर्म २९, ३० वर सह्या. बाकी चलनं मोबाईलवर समोरच तपासा, आणि एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी, लागलीय का बघा.

भांडुपचा_चढ

काल संध्याकाळी अंधेरीला जाऊन आलो. गाडी आरशासारखी चकचकीत, आत लॅव्हेंडरचा वास. मालक सज्जन, बिस्किटं वगैरे. मी मागच्या डाव्या सीटचा बेल्ट ओढायला लागलो तसं त्यांनी विचारलं, काय शोधताय? शेवटच्या वीतभर पट्ट्यावर पिवळट रेघ होती, आणि तिच्याखालचा पट्टा पापडासारखा कडक. म्हणाले, मुलांनी चहा सांडला असेल. उजवीकडचा ओढला. तिथेही त्याच उंचीला रेघ. मधल्याला हात लावला नाही, बिस्किट खाऊन निघालो.

चालवून मात्र पाहिली होती आधीच. तात्या, तुम्ही म्हणता ते कळलं. सोसायटीच्या रॅम्पवर एसी चालू असताना क्लच सोडला आणि गाडीने मान टाकली. एसी बंद केला तर चढली. आमच्या गेटचा चढ याहून वाईट आहे.

आता नाशिकची. मालक म्हणतोय रविवारी मुलुंडला आणून दाखवतो. आणू दे ना?

तात्या_मुलुंड

मुळीच नको. नाशिकहून आली म्हणजे इंजिन तापलेलं येणार. गरम डिझेल कुठलंही गोड वाजतं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी स्टार्ट करून बघायची असते. खडखड किती वेळ राहते, धूर कसला निघतो, ते तेव्हाच कळतं. आपणच जायचं. कल्याणहून तपोवन एक्सप्रेस पकडू, मी येतो सोबत. मालकाला सांगून ठेवा, आम्ही येईपर्यंत चावी लावायची नाही. व्यवहार जमला तर येताना कसारा तुम्ही चालवायचा, मी मागे बसणार.

विक्रोळी_गॅरेज

पोचल्या पोचल्या पहिलं काम, बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर त्याने सकाळीच तापवून ठेवलीय. मग घाई करू नका, समोर मिसळ खा, दोन तास बसा, पूर्ण गार होऊ दे.

भांडुपचा_चढ

तीन तिकिटं काढतो. बाबा पण येतायत. डिकीचं माप घ्यायला टेप घेतलीय त्यांनी.