परदेशी सरकारनं दिलेलं पदक माजी सैनिकानं छातीवर लावायला परवानगी कशाला लागावी?

होटगी_रोडकर:
मलेशियाचं 'पिंगत जासा मलेशिया' म्हणून एक मेडल आहे. 1957 ते 1966 या काळात तिथं जंगलात लढायला गेलेल्या राष्ट्रकुलातल्या सैनिकांना मलेशिया सरकारनं ते जवळजवळ चाळीस वर्षांनी द्यायला घेतलं, म्हणजे तोवर ती माणसं म्हातारी झालेली. ब्रिटिश सरकारनं 2006 ला आपल्या लोकांना काय सांगितलं, तर मेडल घ्या पण लावू नका. का, तर पाच वर्षांपेक्षा जुन्या कामगिरीचं परदेशी पदक चालत नाही आणि त्याच कामगिरीचं आमचं मेडल तुम्हाला मिळालेलं आहे. त्याच जंगलात लढलेल्या ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडच्या लोकांना मात्र लावायला परवानगी! अर्ज, पत्रं, खासदारांच्या मागं लागणं असं वर्षानुवर्षं चाललं, तेव्हा कुठं 2011 च्या सुमारास मंजुरी आली. मधल्या काळात जी गेली त्यांचं काय? ज्या देशासाठी रक्त आटवलं तो देश आभार मानतोय, आणि आपलंच सरकार म्हणतंय डबीत ठेवा. मला हे अपमानाचंच वाटतं. आपल्या जिल्ह्यातनं पण पोरं फौजेत जातात, उद्या हा प्रश्न आपल्या घरात येईल की.

सात_रस्ता:
नाही पटलं ओ. छातीवर काय लागणार हे सरकारच ठरवणार, त्यालाच वर्दीची शिस्त म्हणायचं. आणि आपल्याकडं घटनाच आहे, कलम 18 नुसार भारतीय नागरिकानं परदेशी सरकारचा किताब घ्यायचाच नाही, आणि सरकारी पदावरच्या माणसानं परदेशी सरकारची भेटवस्तूसुद्धा राष्ट्रपतींच्या संमतीशिवाय घ्यायची नाही. हे उगाच लिहिलेलं नाही, रावबहादूर, सर सगळं बघून झालं होतं आपलं. 1930 चा मार्शल लॉ सोसलेल्या सोलापूरनं तरी बाहेरच्या सत्तेच्या मानचिन्हासाठी एवढं हळवं होऊ नये.

बाळीवेस_वकील:
कलम अर्धंच सांगितलं तुम्ही. किताब वेगळा आणि पदक वेगळं. बालाजी राघवन खटल्यात 1995 ला सुप्रीम कोर्टानं पद्म पुरस्कार किताब नाहीत असंच म्हटलंय, फक्त नावाच्या आधी-मागं लावू नका म्हणून बजावलं. तो निकाल आपल्या सरकारच्या पुरस्कारांबद्दल आहे हे कबूल, पण फरक तर तोच आहे ना. आणि इंग्रजांचं म्हणाल तर सॅम माणेकशांचा मिलिटरी क्रॉस इंग्रजांनीच दिलेला, 1942 च्या बर्मातल्या लढाईचा, तो त्यांनी स्वतंत्र भारताच्या वर्दीवर शेवटपर्यंत लावला. देशप्रेम कुठं कमी झालं त्यांचं?

सात_रस्ता:
माणेकशा तेव्हा त्याच फौजेत होते, ते परदेशी पदक कसं होईल? मुद्दा दुसऱ्या देशाचा आहे. आपले डॉ. कोटणीस घ्या, 1938 ला चीनला गेले आणि 1942 ला तिथंच वारले. समजा जगले असते, चीननं पदक दिलं असतं, तर 1962 ला ते लावून होम मैदानावर झेंडावंदनाला येऊ दिलं असतं का लोकांनी? आजचा मित्र उद्या मित्र राहतोच असं नाही, म्हणून परवानगीचा दरवाजा पाहिजे.

सुभेदाराची_लेक:
1962 झालं म्हणून सोलापूरनं कोटणीसांना टाकलं का ओ? आजपण त्यांचं स्मारक आपण अभिमानानं दाखवतो. चीननं काय केलं ते चीनचं, त्या माणसानं जखमींची सेवा केली ती खरीच राहिली.
आमचे आप्पा युएन मिशनला होते. युएनचं मेडल ते वर्दीवर लावायचे, रिटायर झाल्यावर कोटावर पण लावतात, कुणाची हरकत नाही. वर आपलं विदेश सेवा मेडल पण आहे त्यांच्याकडं. दोन्ही शेजारी शेजारी असतात आणि मला तरी त्यातलं एक जास्तीचं वाटलं नाही कधी. "एका कामगिरीला एकच मेडल" हा इंग्रजांचा नियम आपण कशाला डोक्यावर घ्यायचा?

जुनी_मिल_चाळ:
ताई तुमच्या वडलांना सलाम, पण युएनमध्ये भारत स्वतः सभासद आहे, सरकारनंच पाठवलंय, ते वेगळं. मला भीती आहे ती राजकारणाची. दुसऱ्या महायुद्धात उत्तरेच्या आर्क्टिक समुद्रातनं रशियाला माल पोचवणाऱ्या ताफ्यांच्या ब्रिटिश खलाशांना रशियानं उशाकोव्ह मेडल देऊ केलं, ब्रिटननं 2012 ला नाही म्हटलं, आणि 2013 ला स्वतःचं आर्क्टिक स्टार मेडल काढल्यावर उशाकोव्ह पण लावू दिलं. म्हणजे नियम होता तोच, वारं फिरलं. अशात म्हातारा सैनिक दोन सरकारांच्या मधी अडकतो.

होटगी_रोडकर:
मग हे माझ्याच बाजूचं झालं की. वारं फिरल्यावर परवानगी मिळत असेल तर आधीचं कारण खरं नव्हतंच. सात रस्ता भाऊ, सरकारनं तपासावं हे मला मान्य आहे, नाहीतर कुणीपण बाजारातनं मेडल आणून लावील आणि खऱ्याची किंमत जाईल. पण तपासायचं काय? सेवा खरी आहे का, आणि देणारं सरकार खरं आहे का, एवढंच. बांगलादेशनं 2017 ला दिल्लीत 1971 च्या आपल्या शहीद जवानांच्या कुटुंबांना सन्मान दिला, तेव्हा आपले पंतप्रधान तिथं हजर होते. तिथं 46 वर्षं उलटून गेली म्हणून कुणी उशीर झाला म्हटलं नाही. मग जिवंत माणसाला पाच वर्षांची अट कशाला?

सात_रस्ता:
पाच वर्षांची अट नको, इथपर्यंत येतो मी. पण शत्रू राष्ट्राचं पदक आणि खासगी संघटनांची मेडलं यावर सूट नको, आणि लावायचं ते आपल्या सगळ्या पदकांच्या नंतर, शेवटी.

सुभेदाराची_लेक:
शेवटीच लावतात ओ. आप्पांना विचारलं आत्ता, म्हणाले क्रम चुकला तर हवालदार मेजरच झापायचे आम्हाला.